फोटो अस्सल, साक्ष कच्ची

जुन्या राजघराण्यांचे फोटो जमवणाऱ्यांत एक समज पक्का आहे. बखरकार पक्षपाती, चित्रकार खुशामतखोर, कॅमेरा तेवढा सरळ. म्हणून पदच्युत राजाचा एक अस्सल फोटो दहा कागदांना भारी. हा समज साताऱ्यात पहिल्याच पायरीवर अडखळतो.

दागेर यांची फोटो काढण्याची कृती पॅरिसमध्ये जाहीर झाली १९ ऑगस्ट १८३९ रोजी. त्याला तीन आठवडे व्हायच्या आत इकडे कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून उतरवले. त्यांची रवानगी बनारसला झाली आणि १८४७मध्ये तिथेच ते वारले. त्या वर्षांत काशीत कोणी त्यांच्यासमोर कॅमेरा मांडलाच नसेल, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण दागेरोटाइप म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचे एकुलते चित्र. पुठ्ठ्यावर डकवलेला चकचकीत अल्ब्युमेन छाप ही १८५०पासूनची वस्तू, आणि छोट्या कार्ड-फोटोचे पेटंट डिसदेरीने घेतले १८५४मध्ये. तेव्हा ‘महाराजांचा अस्सल फोटो’ म्हणून असा पुठ्ठा पुढे आला, तर तो बहुधा रंगवलेल्या चित्राचा फोटो समजावा. भिंगाखाली पागोट्यावरचे मोती कुंचल्याचे ठिपके निघतात. ज्या चित्रकाराला खुशामतखोर म्हणून हाकलले, तोच मागच्या दाराने घरात!

सांगलीची गोष्ट उलटी. पटवर्धनांचे संस्थान १९४८मध्ये विलीन होईपर्यंत टिकले, म्हणजे कॅमेऱ्याचे जवळजवळ अख्खे पहिले शतक त्याच्या वाट्याला आले. फोटोलाच इतिहास मानले, तर गादीवर राहिलेले ठळक होतात आणि आधी गादी गमावलेले पुसले जातात. याला निःपक्ष साक्ष कोण म्हणेल? प्रतापसिंहांची बाजू कळते ती त्यांच्या रोजनिशीतून आणि त्यांचे वकील रंगो बापूजींनी लंडनमध्ये वर्षानुवर्षे चालवलेल्या दाद-फिर्यादीतून.

यावर पूर्वपक्षाचे आवडते उत्तर रशियाचे असते. झारच्या कुटुंबाच्या घरगुती फोटोंनी जगाला त्यांचे आयुष्य दाखवले ना? दाखवले, पण कशामुळे, ते पाहा. महाराणीची मैत्रीण आना व्हिरुबोव्हा १९२०मध्ये फिनलंडला निसटली. तिचे आल्बम १९३७मध्ये रॉबर्ट ब्रूस्टर नावाच्या येलच्या विद्यार्थ्याने विकत घेतले आणि आज ते येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. आल्बम आल्बम म्हणूनच राहिले, हे त्यांचे मोल. कोणाशेजारी कोण बसले, कोणत्या पानानंतर कोणते पान आले, ते तिथे शाबूत आहे. पानातून सोलून काढलेली राजकन्या ही पांढऱ्या झग्यातली कोणीही मुलगी असू शकते.

रत्नागिरीचा थिबा राजा तर आपल्या घरचा दाखला. ब्रह्मदेशाचा हा राजा १८८६ ते १९१६ तिथे नजरकैदेत होता. फोटोत त्याचा पोशाख दिसतो, चेहरा दिसतो. तनख्यासाठी सरकारकडे केलेली विनवणी दिसत नाही. ती अर्जांत आहे.

याचा अर्थ फोटो जमवू नयेत असा कोणी काढील, तर तो माझ्या म्हणण्याचा विपर्यास होईल. साताऱ्याच्या द. ब. पारसनीसांनी कागदांबरोबर जुनी चित्रेही जमवली. तो संग्रह १९३९मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांचे दप्तर छापून काढले. एकाचे चित्र दुसऱ्याच्या कागदाशेजारी ठेवले की दोन्ही बोलू लागतात.

आजचा संग्राहक मात्र चेहऱ्याला भुलतो. तो भुलतो म्हणूनच जुन्या वस्तूंचे व्यापारी आल्बम फाडून सुटे फोटो विकतात; सुट्याला पैसे जास्त मिळतात. मग पुठ्ठ्यावरचे स्टुडिओचे नाव कापून चौकट बसवली जाते आणि मागची मोडीतली शाई ‘डाग’ म्हणून पुसली जाते. माझ्या मते भावच उलटा लावायला हवा: फिकट झालेला, कोपरे झडलेला, पण मागे ‘मामी, धाकटी ताई, दसरा’ एवढे लिहिलेला फोटो लखलखीत अनामिक सरदारापेक्षा महाग.