ॲल्युमिनियमचं हेड चांगलं की बिडाचं? गाडी घेताना आणि इंजिन उघडताना हे माहिती पाहिजे

दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात जातं, कुणी कर्नाटकात. सोबत ट्रॅक्टर असतो, त्याला दोन ट्रॉल्या असतात, आणि बऱ्याचदा त्या ट्रॅक्टरवर कर्जही असतं.

अशात हंगामाच्या मधोमध इंजिन गरम होऊन हेड गेलं, तर आठवडाभर ट्रॅक्टर उभा राहतो. टोळी बसून राहते आणि हप्ता मात्र थांबत नाही.

मग गॅरेजमध्ये प्रश्न येतो, हेड फेस मारून चालेल की नवीन टाकायचं? त्यात कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ दाखवून सांगतं, "ॲल्युमिनियमचं हेड भारी असतं." दुसरा म्हणतो, "छे, बिडालाच तोड नाही."

खरं काय? दोन्ही धातूंचं गणित एकदा नीट समजून घेऊ.

हेड म्हणजे नेमकं काय?

पिस्टन ज्यात वर-खाली पळतो तो ब्लॉक आणि त्याच्या डोक्यावर बोल्टांनी घट्ट आवळलेलं झाकण म्हणजे सिलिंडर हेड. कुकर आणि त्याच्या झाकणाच्या मध्ये जशी रिंग असते, तसं ब्लॉक आणि हेडच्या मध्ये गॅस्केट असतं.

या झाकणात व्हॉल्व्ह असतात, पेट्रोल गाडीत प्लग आणि डिझेलमध्ये इंजेक्टर असतो. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात पाणी फिरायला आतून वाटा असतात.

त्यावर दाब किती येतो? कारच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार हवा असते. आजच्या मोठ्या ट्रकच्या डिझेल इंजिनात इंधन पेटतं तेव्हा हा दाब २०० बारच्या आसपास जातो. एवढा दाब आणि एवढी उष्णता हे झाकण मिनिटाला शेकडो वेळा सोसतं.

बीड आणि ॲल्युमिनियम

कास्ट आयर्नला मराठीत बीड म्हणतात. बिडाचा तवा घराघरात माहिती आहे. जिल्ह्याचं आणि धातूचं नाव सारखं, एवढंच. या लोखंडात साधारण तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो. त्यामुळे ते ओतायला सोपं आणि दाबाला दणकट असतं, पण ठिसूळही असतं.

महाराष्ट्राला हा धातू नवा नाही. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० साली उभा राहिला तो लोखंडी नांगरांच्या जोरावर. पुढे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि विहिरींवर डिझेल इंजिनांची धकधक ऐकू यायला लागली. बिडाच्या ओतकामासाठी आज कोल्हापूरच्या फाउंड्र्या प्रसिद्ध आहेत.

ॲल्युमिनियमचं हेड मात्र शुद्ध ॲल्युमिनियमचं नसतं. त्यात सिलिकॉन असतं, थोडं तांबं किंवा मॅग्नेशियम असतं आणि बहुतेक वेळा ताकद येण्यासाठी त्याला उष्णतेची प्रक्रिया दिलेली असते. बीडच्या शेजारी, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये १९८५ पासून बजाजचा दुचाकींचा कारखाना आहे. या भागात वाहनांसाठी ॲल्युमिनियमच्या ओतकामाचे मोठे कारखानेही आहेत.

ढोबळमानाने सांगायचं तर ट्रॅक्टर, जड ट्रक आणि जुन्या पाणी उपसायच्या इंजिनांना बिडाचं हेड असतं. मोटारसायकली आणि आजच्या कारना ॲल्युमिनियमचं असतं. कित्येक गाड्यांत तर ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं, अशी जोडी असते.

जुन्या बुलेटला लोक "कास्ट आयर्न इंजिन" म्हणतात, पण तिच्यात बिडाचा असतो तो सिलिंडर. हेड त्या बुलेटलाही ॲल्युमिनियमचंच आहे.

दोघांत फरक काय पडतो?

वजन : एक लिटर मापाचं बीड घेतलं तर ते सात किलोंच्या वर भरतं, तेवढंच ॲल्युमिनियम पावणेतीन किलोंच्या आसपास. कारमध्ये वजन कमी झालं की मायलेजला मदत होते. ट्रॅक्टरचं उलट आहे. ओढ मिळावी म्हणून आपण त्याच्या टायरात पाणी भरतो, पुढे वजनं लावतो. तिथे हेडचे काही किलो वाचवून काय मिळणार?

उष्णता : ॲल्युमिनियमचा मिश्रधातू बिडाच्या साधारण तिप्पट वेगाने उष्णता वाहून नेतो. ॲल्युमिनियमचं पातेलं पटकन तापतं, पटकन निवतं. बिडाचा तवा गॅस बंद केल्यावरही गरम राहतो. पेट्रोल इंजिनात उष्णता लवकर निघून गेली की नॉकिंग कमी होतं आणि कॉम्प्रेशन थोडं जास्त ठेवता येतं.

फुगणं : ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. अर्धा मीटर लांबीचं हेड ८० अंशांनी तापलं, तर ॲल्युमिनियम साधारण ०.९ मिलिमीटर वाढतं आणि बीड ०.४५ मिलिमीटर. ब्लॉक बिडाचा असेल तर खालचा भाग कमी फुगतो, वरचा जास्त, आणि या ओढाताणीत गॅस्केट सापडतं. इंजिन ठरलेल्या तापमानात चालतं तोवर गॅस्केट हे सांभाळून घेतं. त्यापलीकडे गेलं की हेड वाकतं.

ताप सोसणं : साधारण २०० अंशांच्या वर ॲल्युमिनियमची ताकद झपाट्याने कमी होते. फार तापलेलं हेड कायमचं मऊ पडू शकतं. बीड त्याहून बराच ताप सोसतं. पण त्याला एकदम गरम-थंड सोसत नाही, तडा जातो.

थोडक्यात, गरम झाल्यावर ॲल्युमिनियम वाकतं आणि बीड तडकतं.

मग निवडायचं कोणतं?

व्हिडिओ बघून गोंधळ होतो तो इथेच. अमेरिकेत जुन्या व्ही-८ इंजिनांसाठी बाजारात बिडाचे आणि ॲल्युमिनियमचे, दोन्ही हेड मिळतात. शौकीन लोक आपल्या आवडीने लावतात. यूट्यूबवरची चर्चा बहुतेक त्याचीच असते.

आपल्याकडच्या ट्रॅक्टर, ट्रक किंवा कारला तसा पर्याय सहसा नसतो. गॅस्केट, बोल्टांची पकड, कॉम्प्रेशन, पाण्याच्या वाटा, सगळं एकाच धातूच्या हिशेबाने आखलेलं असतं. त्यामुळे "बिडाचं काढून ॲल्युमिनियमचं बसवून देतो" असं कुणी म्हणालं तर आधी विचारा, कंपनीने या इंजिनासाठी तसं हेड दिलंय का?

तुमच्या हातात निवड असते ती दोन वेळा.

पहिली, गाडी घेताना. दिवसभर जड ओढायचं, घाट चढायचा, गाव-शिवारात दुरुस्ती करायची, अशा कामाला बिडाच्या हेडचं डिझेल इंजिन योग्य. माणसांची ने-आण, मायलेज आणि वेग हवा असेल तर ॲल्युमिनियमला घाबरायचं कारण नाही. मात्र जुनी कार घेताना ती आधी कधी गरम होऊन बंद पडली होती का, हे खोदून विचारा.

दुसरी, हेड गेल्यावर, दुरुस्त करायचं की बदलायचं हे ठरवताना.

दुरुस्ती की नवीन?

हेड कशाचं आहे हे माहिती नसेल तर लोहचुंबक लावा. चिकटलं तर बीड, नाही चिकटलं तर ॲल्युमिनियम.

वाकलेलं हेड : सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून वाक मोजता येतो. बऱ्याच इंजिनांत ही मर्यादा ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात मिळतो. थोडा वाक फेस मारून निघतो. पण प्रत्येक वेळी हेड पातळ होतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. जाडीची खालची मर्यादा ओलांडली असेल तर ते हेड भंगारातच द्यावं. ॲल्युमिनियमचं हेड फार तापलं असेल तर फेस मारण्याआधी त्याचा कडकपणा तपासून घ्या. मऊ पडलेलं हेड फेस मारून सरळ दिसतं, पण पुन्हा गॅस्केट उडवतं.

तडा गेलेलं हेड : तडा बहुतेक वेळा दोन व्हॉल्व्हच्या मधल्या चिंचोळ्या जागेत जातो. डोळ्याला तो दिसेलच असं नाही, म्हणून प्रेशर टेस्ट करायला सांगा. हेडच्या पाण्याच्या वाटा बंद करून आत हवा भरतात आणि ते पाण्यात बुडवतात. बुडबुडे आले की तडा सापडला. ॲल्युमिनियमला आर्गन वेल्डिंग होतं, पण त्यानंतर हेड पुन्हा सरळ करावं लागतं. बिडाला आधी नीट तापवून, निकेलच्या रॉडने वेल्डिंग करून, हळूहळू निववावं लागतं. घाईत मारलेलं वेल्डिंग शेजारी नवा तडा पाडतं. जळण होतं त्या भागात तडा असेल आणि पुढे पूर्ण हंगाम काढायचा असेल, तर नवीन हेडच स्वस्त पडतं.

धुताना : बिडाचे भाग काही ठिकाणी गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाकून धुतात. ॲल्युमिनियमचं हेड त्यात कधीही टाकू देऊ नका. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं.

बसवताना : बोल्ट टॉर्क पान्यानेच, ठरलेल्या क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने आवळले पाहिजेत. काही इंजिनांचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते नवेच घ्या. आणि गरम इंजिनाचं हेड कधीच खोलू नये, खोलतानाच वाकतं.

मोटारसायकलवाल्यांनीही एक लक्षात ठेवा. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये प्लग आधी हाताने फिरवून बसवा, मग पाना लावा. तिरका जोर दिला की आटे गेलेच.

खरा शत्रू पाणी

हेड कोणतंही असो, ते जातं बहुतेक वेळा गरम होऊन. आणि आपल्याकडे गरम व्हायला कारणं भरपूर आहेत. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पार जातो. धारूरच्या किंवा मांजरसुंब्याच्या घाटात भरलेलं वाहन चढवायचं असतं. त्यात दुष्काळी भाग, मिळेल ते पाणी रेडिएटरमध्ये ओततात.

हे पाणी बऱ्याचदा बोअरचं, म्हणजे जड असतं. माठाच्या बाहेरून किंवा हंड्याच्या तळाला जो पांढरा क्षार धरतो, तोच रेडिएटर आणि हेडच्या आत धरतो. त्या थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही. काटा तांबड्यात गेलेला नसला तरी आतून हेड जास्त तापत राहतं. साध्या पाण्याने बीड गंजतं. ॲल्युमिनियमही झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी पाण्याच्या वाटांत साचते.

म्हणून कूलंट. कूलंट फक्त थंड प्रदेशातल्या गाड्यांसाठी असतं, हा गैरसमज आहे. त्याने पाणी उकळायचं तापमान वाढतं आणि गंज रोखला जातो. कंपनीने सांगितलेलं कूलंट घ्या आणि मिसळायचं असेल तर डिस्टिल्ड पाण्यात मिसळा. रेडिएटरचं झाकणही बघा, त्याचं रबर गेलं की दाब राहत नाही आणि पाणी लवकर उकळतं.

काटा तांबड्यात गेला तर?

- गाडी बाजूला घ्या, लोड काढा. पट्टा तुटला असेल किंवा पाणी संपलं असेल तर इंजिन लगेच बंद करा.
- रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आतली वाफ आणि उकळतं पाणी तोंडावर येतं.
- तापलेल्या इंजिनावर किंवा रेडिएटरमध्ये गार पाणी ओतू नका. लाल तापलेल्या बिडाच्या तव्यावर पाणी टाकल्यावर जे होतं, तेच हेडचं होतं.
- पूर्ण निवू द्या, मग पाणी भरा आणि गळती शोधा.

त्यानंतर ऑइल चहासारखं दुधाळ झालं, इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये बुडबुडे आले, गळती नसताना पाणी कमी व्हायला लागलं किंवा गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत राहिला, तर गॅस्केट किंवा हेड गेल्याची शंका घ्या. "एवढी खेप टाकून येतो" म्हणून तसाच ट्रॅक्टर चालवला, तर हेडचं काम पूर्ण इंजिनावर जातं.

हेड कोणत्या धातूचं असावं हे इंजिन बनवणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. ते किती हंगाम टिकेल हे आपण त्यात काय ओततो आणि काटा वर गेल्यावर किती लवकर थांबतो यावर ठरतं. म्हणून टोळी निघायच्या आधी रेडिएटर, पट्टा, झाकण आणि कूलंट तपासून घ्या. तासाभराचं काम आहे, आठवडा वाचू शकतो.