‘सहस्र कलावंतांची सिंफनी’ या नावाविषयी

गुस्टाफ मालरच्या आठव्या सिंफनीला ‘सहस्र कलावंतांची’ म्हटले जाते. हे नाव प्रचलित असले तरी मालरचे नव्हे. 12 सप्टेंबर 1910 रोजी म्युनिकमध्ये झालेल्या पहिल्या प्रयोगाची तिकिटे खपावीत म्हणून आयोजक एमिल गुटमनने ते जाहिरातीत वापरले, आणि मालरला ते रुचले नव्हते. स्वरलिपीत आठ एकल गायक, दोन मिश्र गायनवृंद, एक बालवृंद आणि मोठा वाद्यवृंद एवढी मागणी आहे. हजाराचा आकडा कुठेच नाही. यावर कोणी म्हणेल, की म्युनिकच्या मंचावर खरोखरच हजाराहून अधिक कलावंत होते आणि संचालन खुद्द मालर करत होता. खरे आहे, पण प्रदर्शनासाठी बांधलेल्या त्या अवाढव्य दालनाची गरज म्हणजे कृतीची गरज नव्हे. गटेच्या ‘फाउस्ट’मधील अंतिम दृश्यावर आधारलेल्या दुसऱ्या भागाचा प्रारंभ पाहावा: तिथे बराच वेळ विरळ, दबक्या आवाजातले वाद्यवादनच चालते. पुढे 1916 मध्ये फिलाडेल्फियात वाद्यवृंद-संचालक स्टोकोव्स्कीनेही हजारावर माणसे उभी केली, त्यामुळे नाव पक्के झाले (जाहिरातीचे आयुष्य असे लांबते!). आज याहून पुष्कळ कमी कलावंतांतही ही सिंफनी सादर होते, आणि तिला अपुरी कोणी म्हणत नाही.