पहिल्या रांगेतली बटणे

संगणकावर एखादा दस्तऐवज वाचायला उघडला, की वरच्या बाजूला छोट्या बटणांची एक पट्टी दिसते. छापा, शोधा, अक्षर मोठे करा. या पट्टीवर कोणाला जागा द्यायची? प्रश्न किरकोळ वाटतो. पण बहुतेक माणसे ही पट्टी कधीच बदलत नाहीत. समोर दिसते तेवढीच सोय आहे, असे ती धरून चालतात.

आधी या पट्ट्या वाढतच गेल्या. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या सुरुवातीच्या आवृत्तीत त्या दोन होत्या. २००३च्या आवृत्तीत ३१ झाल्या. तेव्हा कंपनीने, संमती देणाऱ्या ग्राहकांकडून, कोणती आज्ञा किती वेळा वापरली जाते याची मोजदाद केली. पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड या पाचच आज्ञांनी एकूण वापराचा सुमारे ३२ टक्के वाटा उचललेला निघाला. म्हणून २००७च्या ऑफिसमध्ये पेस्टला डाव्या टोकाला ठळक जागा मिळाली.

मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची वाट वेगळी होती. ग्नोम प्रकल्पातील हॅवक पेनिंग्टन यांनी २००२ साली मांडले, की वापरणाऱ्यापुढे ठेवलेल्या प्रत्येक पर्यायाची किंमत मोजावी लागते. याच प्रकल्पात २००५ साली 'एव्हिन्स' हा दस्तऐवज-वाचक आला. पीडीएफ आणि पोस्टस्क्रिप्ट यांसाठी आधी दोन वेगळे प्रोग्राम होते. त्या दोघांचे काम याने एकट्याने अंगावर घेतले.

आता मुद्दा असा, की लिहिणाऱ्याची मोजदाद वाचणाऱ्याला जशीच्या तशी लागू पडते का? मला वाटते, नाही. स्कॅन केलेला जुना सातबारा आडवा उघडतो. तो फिरवण्याचे बटण सहा महिन्यांत एकदा लागेल. मोजणीत ते तळाला जाईल. पण ते सापडले नाही, तर त्या दिवशी कागद वाचताच येत नाही, आणि माणूस शेजारच्या मुलाला हाक मारतो. उलट पुढचे पान, मागचे पान ही बटणे छापील पुस्तकाच्या सवयीतून आली. माउसच्या चाकाने किंवा बोटाने पान सरकते, तिथे त्यांचे काम फारसे उरत नाही. पानाच्या आकड्याची चौकट मात्र हवीच. १४७व्या पानावर सरकत कोण जाणार?

पट्टीवर एक बटण वाढले, की बाकीची शोधायला तेवढीच अवघड होतात. म्हणून मी दोन बाण काढून 'फिरवा'ला जागा देईन. एखादे बटण किती वेळा दाबले जाते, हे जरूर मोजावे. पण ते नसेल तर कोणाचे काम अडते, हेही विचारावे. जाणकाराला कळफलकावरची युक्ती ठाऊक असते. नवख्या माणसाला ती पट्टी हाच एक आधार असतो.