सतरंजीवरचे सुपरहिरो

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असं सेक्रेटरींनी सांगितलं तोपर्यंत चांगले विषय वाटून झाले होते. नोंदणीचे दिवस, बोअरवेल, लिफ्ट, गणेशोत्सव, सगळं गेलं होतं. "मग तुम्ही करमणुकीवर लिहा," असं ठरलं. त्यामुळे १९९९ पासून आपण घरी बसून सुपरहिरोंचे सिनेमे कसे पाहिले, याचा हा इतिहास. हसू नका. आपल्या सोसायटीतलं एक जुनं भांडण अशाच एका सिनेमामुळे मिटलं आहे आणि त्या भांडणातला एक पक्ष मी स्वतः आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका. सुपरमॅन हा अमेरिकेतल्या कॉमिक्समध्ये १९३८ साली अवतरला आणि १९७८ साली त्याच्यावर मोठा सिनेमा आला. आपल्याकडे १९८२ च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आले, पाठोपाठ व्हीसीआर आले. आम्ही तेव्हा वाड्यात राहायचो. वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि पैसे वसूल करायला ओळीने तीन सिनेमे बघायचे, ही पद्धत. पहाटेपर्यंत निम्मा वाडा सतरंजीवर आडवा झालेला असायचा.

मे १९८७ मध्ये शेखर कपूरचा 'मिस्टर इंडिया' आला. सलीम-जावेद यांची कथा, अनिल कपूर, श्रीदेवी आणि अमरीश पुरींचा मोगॅम्बो. मनगटावरचं यंत्र चालू केलं की नायक अदृश्य होतो आणि फक्त लाल प्रकाशात दिसतो. पण नीट बघा, त्या सिनेमाची सुरुवात घराच्या अडचणींपासूनच होते. अरुण अनाथ मुलांना सांभाळतोय, घराचं भाडं थकलंय, वाण्याची उधारी वाढलीय, म्हणून वरची खोली भाड्याने द्यावी लागते. गुंडांनाही तेच घर रिकामं करून हवं असतं. हाऊसिंग सोसायटीच्या स्मरणिकेत या सिनेमाचा उल्लेख व्हायलाच हवा, तो त्यामुळे.

१९९९ मध्ये आपण इथं राहायला आलो. जिन्याला कठडे नव्हते, पाणी टँकरचं होतं. पण रविवारी दुपारी बारा वाजता बिल्डिंगमधलं एकही मूल जिन्यात दिसायचं नाही. दूरदर्शनवर 'शक्तिमान' लागायचा. सप्टेंबर १९९७ मध्ये सुरू झालेली ही मालिका २००५ पर्यंत चालली. मुकेश खन्ना एरवी दात पुढे आलेला, चष्मा लावणारा गंगाधर आणि संकट आलं की गरगर फिरत शक्तिमान. मुलं त्याची नक्कल करताना जखमी झाल्याच्या बातम्या तेव्हा पेपरात यायच्या. मालिकेच्या शेवटी शक्तिमान स्वतःच मुलांना चार समजुतीच्या गोष्टी सांगायचा, तरी आपल्या बी विंगमधली तीन मुलं गळ्यात टॉवेल बांधून गच्चीवर सापडलीच. त्याच आठवड्यात कमिटीने गच्चीला कुलूप घातलं. गच्चीची किल्ली वॉचमनकडे का, असं नवीन सभासद दर वार्षिक सभेत विचारतात. त्यामागचं कारण हे असं आहे.

मग सीडीचा जमाना आला. एका व्हीसीडीत साधारण सव्वा तास मावायचा, त्यामुळे तीन तासांचा 'मिस्टर इंडिया' तीन सीड्यांवर यायचा. दुसरी सीडी हमखास अडकायची. मग ती काढून बनियनला पुसायची, फुंकर मारायची आणि देवाचं नाव घेऊन परत घालायची.

आता त्या भांडणाचं सांगतो. वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहायचे, सगळे त्यांना काकाच म्हणायचे. त्यांच्या बाथरूममधून आमच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल येत होती. त्यांचं म्हणणं, पाईप बिल्डरने चुकीचा टाकला. माझं म्हणणं, फरशी तुम्ही बदललीत. मी कमिटीला पाच पत्रं लिहिली, त्यांनी सहा. आठ महिने आम्ही लिफ्टमध्येही एकमेकांकडे पाहत नव्हतो. आमचे चिरंजीव तेव्हा दहा वर्षांचे. त्यांना या वैराशी काही देणं-घेणं नव्हतं, कारण सीडी प्लेअर काकांकडे होता.

मे २००५ मधली गोष्ट. रात्रीचे नऊ वाजले तरी पोरगा घरी नाही. तेवढ्यात लाईट गेले. त्या काळात पुण्यात लोडशेडिंग होतं, म्हणजे तासभराची निश्चिंती. मी तणतणत वर गेलो. दार उघडंच होतं. आत अंधारात दहा-बारा मुलं सतरंजीवर बसली होती आणि मध्ये काका एक टॉर्च घेऊन उभे होते. टॉर्चच्या काचेवर भेटवस्तूंना लावतात तो लाल जिलेटीन पेपर रबराने बांधलेला. तो लाल झोत ते भिंतीवरून, पंख्यावरून फिरवत होते आणि मुलं "इथं नाहीये! इथं पण नाहीये!" म्हणून ओरडत होती. मिस्टर इंडियाचा शोध चालू होता. झोत फिरत फिरत दारात आला आणि माझ्यावर थांबला. एकदम सगळं शांत. मग कुणीतरी बारक्या आवाजात म्हणालं, "सापडला!"

मुलं खो खो हसली. मलाही हसू आवरलं नाही. काका म्हणाले, "बसा हो. अजून एक सीडी राहिलीय. भांडायला उद्या अख्खा दिवस आहे."

मी बसलो. लाईट आल्यावर तिसरी सीडी पाहिली. मध्ये काकूंनी कलिंगडाच्या फोडी दिल्या. दुसऱ्या दिवशी काकाच प्लंबर घेऊन खाली आले. पाईपही चुकीचा होता आणि फरशीही नीट बसली नव्हती. खर्च निम्मा-निम्मा केला. आमची अकरा पत्रं सोसायटीच्या कपाटात अजून आहेत, हौशी सभासदांनी जरूर वाचावीत.

त्यानंतर मी काकांकडचा नेहमीचा प्रेक्षक झालो. ब्रॅड बर्डचा 'द इन्क्रेडिबल्स' (२००४) आम्ही तिथंच हिंदीत पाहिला. 'हम हैं लाजवाब' या नावाने तो आला होता आणि बाबांना आवाज शाहरुख खानचा होता. सुपरहिरोंवर बंदी आल्यामुळे तो धिप्पाड नायक विमा कंपनीत एवढ्याशा टेबलामागे अंग चोरून बसतो. मी बँकेत होतो, त्यामुळे मला तो लगेच जवळचा वाटला. बायको रबरासारखी ताणली जाते, आणि सौ.चं म्हणणं की यात नवल ते काय. त्यातली पोशाख शिवणारी बाई पाठीवरच्या झग्याला साफ नकार देते, कारण झगा कुठंतरी अडकून भले भले हिरो गेलेले असतात. आमच्या कमिटीने हेच टॉवेलबद्दल चार वर्षं आधी सांगितलं होतं!

पुढचा इतिहास भराभर संपतो. २०१३ मध्ये पुण्यात सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले, काही घरांत दोन-दोन टीव्ही आले. २०१६ नंतर स्वस्त इंटरनेटमुळे सिनेमा प्रत्येकाच्या हातातल्या मोबाईलवर आला. चित्र स्वच्छ झालं, सीडी अडकायची थांबली. पण एका घरात, एकाच वेळी, एकाच विनोदाला तीन पिढ्या हसताहेत, असं होणं कमी झालं. सतरंजी माळ्यावर गेली.

एप्रिल २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने 'शक्तिमान' परत दाखवला, तेव्हा काका नव्हते. ते आदल्या वर्षी गेले. आम्ही दोघंच बघत होतो. २०२१ च्या नाताळात 'मिन्नल मुरली' हा मल्याळम सिनेमा थेट घरच्या पडद्यावर आला. केरळच्या खेड्यातल्या एका शिंप्यावर वीज पडते, अंगात शक्ती येते आणि त्याचा भाचा त्याला सुपरहिरो म्हणजे काय ते शिकवतो. चिरंजीव तेव्हा बंगळूरला. फोनवर "एक, दोन, तीन" म्हणून दोन्हीकडे एकदम सिनेमा सुरू केला. त्याचं नेट आमच्यापेक्षा पुढं होतं, त्यामुळे प्रत्येक विनोदाला तो आधी हसायचा आणि आम्ही मागून. मजा आली, नाही असं नाही. पण सिनेमा संपल्यावर फोन ठेवला आणि घर एकदम शांत झालं.

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात एक सूचना मांडतो. दर महिन्याच्या एका शनिवारी प्रत्येक मजल्यावरच्या एका घराने दार उघडं ठेवावं आणि आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना चालेल असा एक सिनेमा लावावा. सुरुवात आमच्याकडून. सतरंजी माळ्यावरून काढून उन्हात टाकली आहे. पहिला सिनेमा अर्थातच 'मिस्टर इंडिया'. ज्यांच्याशी पार्किंगवरून, गळतीवरून किंवा मेंटेनन्सवरून बोलणं बंद आहे, त्यांनी विशेष अगत्याने यावं. लाईट गेले तर काळजी नको, टॉर्चला लाल कागद लावून ठेवलाय.