दर्शनबारीतील परमार्थ



आषाढीच्या दशमीला पंढरपुरात पाऊल ठेवलेला वारकरी भेटेल त्याला एकच प्रश्न विचारतो, "माउली, बारी कुठवर गेली?" उत्तर येते, "पत्राशेड भरलं, गोपाळपुराकडं चाला." मग तो खांद्यावरची पिशवी सावरतो आणि बारीचे शेपूट शोधायला निघतो. अठरा-वीस दिवस देवाच्या दिशेने चाललेला हा माणूस, पंढरीत पोहोचल्यावर देवाकडे पाठ करून पुन्हा चालू लागतो. आपण सर्वांनी हे केले आहे. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून माझे कीर्तनाला उभे राहणे थांबले, पण बोलण्याची खोड जात नाही. म्हणून या बारीविषयी आपल्याशी चार शब्द बोलतो.

पंढरीत पहिल्याने कोण थांबले? भक्त नव्हे, देव थांबला. पुंडलिकाची कथा आपल्याला पाठ आहे. मायबापाची सेवा चालू होती, देव दारी आले, पुंडलिकाने वीट पुढे सरकवली आणि थांबायला सांगितले. देवाने आपण कोण आहोत हे सांगितले नाही, आधी मला भेट असा हट्ट धरला नाही. कमरेवर हात ठेवून तो विटेवर उभा राहिला तो अजून उभा आहे. ज्या क्षेत्राची सुरुवातच देवाच्या थांबण्याने झाली, तेथे चार तास उभे राहावे लागले म्हणून आपण कुरकुरतो, हे आधी मनात धरू या.

आता महाद्वारी चला. तेथे दोन समाध्या आहेत. पायरीशी नामदेवराय आणि समोर चोखोबाराय. नामदेवांचा अधिकार केवढा, तर देव त्यांच्या हातचे जेवला. देवाच्या सर्वात जवळ उभे राहण्याचा मान कोणाचा असे विचारले तर पहिले नाव त्यांचे घ्यावे लागेल. पण शके १२७२, म्हणजे इ. स. १३५० मध्ये देह ठेवताना त्यांनी जागा मागितली ती पायरीची. दर्शनाला जाणाऱ्या प्रत्येकाची पायधूळ आपल्यावर पडावी, ही त्यांची इच्छा. पुढे जाण्याचा हक्क असलेल्याने सर्वांना पुढे जाऊ दिले.

चोखोबांची गोष्ट वेगळी. ते महाद्वारी थांबले, पण स्वतःच्या इच्छेने नव्हे. त्यांना आत जाण्याची मनाई होती. शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून त्याखाली ते गेले. परंपरा सांगते की नामदेवरायांनी ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी शोधल्या, कानाला लावल्यावर ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून ओळखल्या, आणि महाद्वारी आणून त्यांची समाधी बांधली. त्यानंतर सहाशे वर्षे चोखोबांच्या जातीबांधवांची बारी त्या समाधीपाशी येऊन थांबत असे. पिढ्यामागून पिढ्या आल्या, समाधीला डोके टेकून, कळस पाहून माघारी गेल्या. बारीत घुसणाऱ्या एका माणसाचा आपल्याला राग येतो. येथे सगळा समाजच कोणाला तरी मागे ठेवून पुढे गेला होता, आणि मुखाने आपण सर्व एकमेकांना माउली म्हणत होतो.

ही बारी पुढे सरकली ती १९४७ साली. साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणास बसले. १० मे रोजी मंदिर सर्वांना खुले करण्याचे ठरले आणि उपोषण सुटले. माझा जन्म त्यानंतरचा. माझ्या गुरुजींनी तो काळ पाहिला होता. ते सांगत, आपल्यातही दोन तट होते. काही फडकरी गुरुजींच्या बाजूचे, काही विरोधातले, आणि पुष्कळसे गप्प राहिलेले. "मी गप्प बसलेल्यांतला," असे ते स्वतःविषयी म्हणत, आणि पुढे काही बोलत नसत.

दार उघडले तरी आतली व्यवस्था जुनीच होती. यात्रेकरूंच्या तक्रारी वाढल्या, नाडकर्णी आयोग नेमला गेला, १९७३ साली पंढरपूर मंदिरे कायदा झाला. खटले पुष्कळ वर्षे चालले आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वंशपरंपरेच्या हक्कांचा प्रश्न कायमचा मिटवला. आता देवापुढे जन्माने कोणाचा पहिला हक्क उरला नाही. मात्र ओळखीचा हक्क कोणता कायदा मोडणार? तो आपल्याच खिशात असतो. माझ्याही होता.

ती गोष्ट सांगतो. मी तेव्हा चाळिशीत होतो, नाव झाले होते. एका आषाढीला दशमीच्या रात्री वाळवंटात माझे कीर्तन झाले. निरूपण नामदेवरायांच्या पायरीचे. माणसे रडली. एकादशीच्या दुपारी एक ओळखीचे गृहस्थ आले, म्हणाले, "बुवा, तुम्ही बारीत कशाला? चला माझ्याबरोबर." मी गेलो. बाजूच्या दाराने आत, पाच मिनिटांत चरणांवर डोके. मनात काही खटकले नाही. आपण देवाचे काम करतो, एवढी सवलत असावी, असेच वाटले.

बाहेर पडून बारीच्या कडेने चाललो होतो. आमच्या दिंडीतली एक म्हातारी बारीत उभी होती. वाटेवर तिच्या तांब्यातले पाणी मी कितीदा प्यालो होतो. आदल्या दिवशीच्या दुपारपासून ती तेथे होती. मला पाहताच दोराखालून हात घालून तिने माझ्या पायांना हात लावला. कपाळीचा बुक्का पाहून म्हणाली, "बुवा, झालं का दर्शन? कसा दिसतो हो आज? तुळशीहार हाय का गळ्यात?"

मला सांगता येईना. खरेच आठवेना. मी इतक्या लवकर आत गेलो आणि बाहेर आलो की पाहिलेच नव्हते. ती मात्र हसून म्हणाली, "असू द्या. आमच्या बुवांचं झालं म्हंजी आमचं झालंच."

तिने मला दोष दिला असता तर मी उत्तर शोधले असते. तिच्या आनंदाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. रात्री ज्या पायरीवर मी दोन तास बोललो होतो, ती ओलांडायचीही मला गरज पडली नव्हती.

माउलीहो, बारीत घडणारे लहान लहान अपराध आपण सर्व जाणतो. एकजण उभा राहतो आणि मागून त्याची अकरा माणसे येतात. कोणी झोपलेल्याला ओलांडून दोन जागा पुढे सरकतो. गाभाऱ्यात आपण चरण सोडत नाही आणि मागची पन्नास माणसे ताटकळतात. यांतले कोणतेच पाप मोठे दिसत नाही. प्रत्येकाला आपले कारण खरे वाटते, जसे मला वाटले होते.

एक अपराध तर पुण्याच्या रूपात येतो. तो मला फार उशिरा कळला. कडेवर लेकरू घेतलेली बाई येते, आपल्याला दया येते, आपण म्हणतो, "या ताई, माझ्यापुढे उभ्या राहा." चांगलेच केले. पण आपल्यामागे पाचशे माणसे आहेत, त्या प्रत्येकाची एक जागा आपण देऊन टाकली, आणि आपला चांगुलपणा तेवढा मिरवला. नाथमहाराजांची कथा आठवा. रामेश्वराला न्यायचे कावडीतले पाणी त्यांनी तहानेल्या गाढवाला पाजले. ते पाणी स्वतःच्या कावडीतले होते, शेजाऱ्याच्या कावडीतले नव्हते. म्हणून ताईंना खरोखर जागा द्यायची तर आपली द्यावी, आणि आपण जाऊन त्यांच्या मागच्या जागी उभे राहावे. नाहीतर मागच्यांना विचारावे. चार माणसांना विचारून पाहा, वारकरी नाही म्हणत नाही. विचारल्याने त्यांनाही त्या दानात वाटा मिळतो.

आपल्या परंपरेत ही शिकवण नवी नाही. १६८५ साली नारायणमहाराजांनी पालखीचा सोहळा सुरू केला, पुढे हैबतबाबांनी माउलींच्या सोहळ्याला शिस्त लावली. रथापुढे किती दिंड्या, मागे किती, कोणाची जागा कोणती, हे ठरलेले. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी काय होते ते आठवा. चोपदार चोप उंच करतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकून घेतले जाते, आणि मगच आरती होते. माउलींची आरतीसुद्धा मागच्या दिंडीच्या गाऱ्हाण्यासाठी थांबते. एवढी मोठी रीत घरात असताना आपण बारीत मागच्याकडे वळूनही पाहत नाही.

तेव्हा पुढच्या वारीला एवढे करा. बारीत उभे राहिल्यावर पुढे किती आहेत हे मोजण्याआधी मागच्याला त्याचे गाव विचारा. त्याला पाणी हवे का, पायाला फोड आहेत का, तो जरा बसला तर त्याची जागा आपण राखू का, हे विचारा. एकदा गाव कळले की त्याला ढकलून पुढे जाणे जड जाते. ज्यांचे अंग साथ देत नाही त्यांनी कळस पाहावा, पायरीला हात लावावा. अरणच्या सावता माळ्यांनी आपल्या मळ्यातच विठ्ठल पाहिला, हे विसरू नये.

त्या वर्षानंतर मी बाजूच्या दाराने कधी गेलो नाही. शरीर होते तोवर बारीत उभा राहिलो, आता पायरीवर डोके ठेवून परततो. ती म्हातारी पुढच्या वारीला दिसली नाही, त्यानंतरही नाही. तिचा प्रश्न राहिला आहे. म्हणून बारीतून दर्शन घेऊन येणारा कोणी भेटला की मीच त्याला विचारतो, "माउली, आज कसा दिसत होता? तुळशीहार होता का?" तो उभा राहून सगळे सांगतो. मी ऐकतो.

रामकृष्णहरी.