चाळीस थेंबांची भीती

मंडळी, आज आपण एका भीतीचा इतिहास पाहू. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब, हे आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं असतं. हा समज फक्त आपलाच नाही बरं का. तिसो या स्विस डॉक्टरांनी 1760 मध्ये हस्तमैथुनावर फ्रेंच ग्रंथ लिहिला. एक औंस वीर्य जाणं हे चाळीस औंस रक्त जाण्याहून वाईट, असं त्यात म्हटलं होतं. वेड, दृष्टी अधू होणं, सगळं त्याच खात्यावर! पुढे शंभरेक वर्षं डॉक्टर तेच सांगत राहिले.

मुंबईत र. धों. कर्वे यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. वाचक असे खासगी प्रश्न विचारत आणि ते सरळ उत्तर देत. त्यावरून 1934 मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. बाबासाहेब आंबेडकरांनी वकीलपत्र घेतलं, तरी कर्व्यांना दंड झालाच.

आज वैद्यकशास्त्र काय सांगतं? वीर्य ही साठवून ठेवायची पुंजी नव्हे. ते शरीरात सतत तयार होतं. हस्तमैथुनाने अशक्तपणा किंवा नपुंसकत्व येत नाही. स्त्रियांनाही त्याने अपाय होत नाही. रोजच्या कामाआड येऊ लागलं, तर मात्र डॉक्टरांशी बोलावं. भीतीने मात्र माणूस खरोखर खंगतो. डॉ. विग यांनी 1960 मध्ये त्या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं.

म्हणजे आपल्याला ग्रासतं ते कृत्य नव्हे, तर त्याविषयी कुणाला विचारता न येणं.