काठी ठेवली, शिट्टी घेतली

7 ऑगस्ट 1936, बर्लिन. ऑलिम्पिक स्टेडियमच्या शेजारचं माइफेल्ड मैदान. पोलोची अंतिम लढत, अर्जेंटिना विरुद्ध ग्रेट ब्रिटन. तुम्ही घोड्यावर आहात, पण अंपायर म्हणून. गुडघ्याने दगा दिला नसता तर हातात काठी असती. आता ओठांत शिट्टी आहे.

चेंडू सुटतो. तो ज्या वाटेने गेला ती न दिसणारी रेषा म्हणजे या खेळाचा कायदा. चेंडू उजव्या हाताला ठेवून त्या रेषेवरून दौडत येणाऱ्याचा वाटेवर हक्क. धडक होईल इतक्या जवळून त्याला आडवं जायचं नाही. पुस्तकात हे दोन ओळींत आटपतं. इथे दोन घोडे भरधाव एकाच जागी झेपावतायत, आणि कुणी फटका मारून चेंडू वळवला की रेषाही बदलते.

आडवा गेला का? तुमची नजर चेंडूवर नाहीच, मागच्या स्वाराच्या डाव्या हातावर आहे. लगाम खरोखर खेचला, की फाऊल मिळावा म्हणून नुसता हात उंचावला? खरा खेचला असेल तर घोड्याचं डोकं वर जातं, तोंड वासतं, मागचे पाय पोटाखाली येतात. उमेदीची वर्षं खोगिरात काढलेल्याला हे क्षणात कळतं. म्हणूनच अंपायर जुना खेळाडू असावा, असं मी ठामपणे म्हणतो.

तुम्ही शिट्टी फुंकता. दुसरा घोडेस्वार अंपायर मान डोलावतो. त्याला पटलं नसतं, तर मैदानाबाहेरच्या तिसऱ्या पंचाचा शब्द अखेरचा ठरला असता.

अर्जेंटिना 11-0 ने जिंकतो. संघातला मान्युएल आंद्राडा तेव्हा 46 वर्षांचा. सामना इतका एकतर्फी, तरी तुम्ही शेवटच्या चक्करपर्यंत, म्हणजे खेळाच्या अखेरच्या टप्प्यापर्यंत, ढिले पडला नाहीत. अंपायरने काणाडोळा केला तर इथे घोड्याचा पाय मोडतो, स्वाराची मानही.

आता काळ पुढे सरकवा. डिसेंबर, बुएनोस आयर्समधलं पालेर्मो. अंगात पगारी अंपायरचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट. हिवाळ्यात फ्लोरिडा, उन्हाळ्यात इंग्लंड, मग अर्जेंटिना. मोसमामागून मोसम हेच काम, आणि त्याचा मोबदलाही. याउलट क्लबच्या पोलोत खेळाडूच आळीपाळीने एकमेकांच्या सामन्यांना अंपायर होतात. आज ज्याच्याविरुद्ध शिट्टी फुंकायची, तोच उद्या तुमच्या सामन्यात शिट्टी घेऊन उभा. शिवाय मोठ्या स्पर्धांत अनेकदा संघाचा खर्च उचलणारा मालक स्वतःच खेळत असतो. त्याचा फाऊल बिनदिक्कत द्यायला कुणाचाही मिंधा नसलेला माणूस लागतो. पोलोतला पैसा सर्वांत सत्कारणी लागतो तो इथे.

महालक्ष्मी रेसकोर्सवर अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लबचा पोलो पाहायला गेलात, तर एक चक्कर चेंडू सोडा आणि फक्त अंपायरकडे बघा.